शंभर वॅटचे शलमोनराव

पाथर्डी तालुक्यातल्या एका बरड टेकडीवर सरकारनं टीव्हीचा मनोरा उभा केला आणि पाटी लावली, 'लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र'. गावानं ती 'लघुशंका' अशी वाचली आणि कुंपणाशी त्या हिशोबानं उभं राहायला सुरुवात केली. केंद्राची ताकद शंभर वॅट, म्हणजे गोठ्यातल्या बल्बाएवढी. या बल्बाचा राखणदार शलमोन उजागरे. पंच्याण्णव साली तंत्रज्ञ म्हणून लागला. काम काय, तर दिल्लीहून आलेलं चित्र छत्रीत झेलायचं आणि दहा मैलांत फेकायचं.

लोकांना मात्र वाटायचं, पिक्चर शलमोनच निवडतो.

"शलमोनराव, ह्या रविवारी जरा हानामारीचा लावा की," सरपंच हात जोडायचे.

"बगतो, जमतंय का," शलमोन म्हणायचा. दिल्लीचं नाव त्यानं कधी काढलं नाही. लग्नात पहिल्या पंगतीला पाट, ख्रिस्ती देवळात पाळकांच्या शेजारी खुर्ची. एवढं मिळत असताना दिल्लीला कशाला मधे आणायचं?

मग घरोघर डिश आली. शलमोनच्या घरीही आली. बायकोनं, मरियमनं, नवऱ्याला न विचारता बसवून घेतली. शलमोन मात्र रोज टेकडी चढून मशीन चालू करायचा आणि दर तासाला वहीत आकडे लिहायचा. बघणारं कोणी उरलंय का, असा रकाना त्या वहीत नव्हता.

एकवीस साली वरनं पत्र आलं. प्रेक्षक नसलेली केंद्रं बंद करायची आहेत. प्रेक्षक असल्यास पंधरा दिवसांत पुरावा पाठवावा.

केंद्र गेलं की खुर्ची गेली, पंगत गेली, 'राव' पण गेला. शलमोननं डोकं चालवलं. आपला माणूस 'बेस चाललंय' असं सांगायला टेकडी चढत नाही, पण बंद पडलं की शिव्या द्यायला पळत येतो. त्यानं तक्रार-वही झटकली, पेनात नवी रिफिल घातली आणि सोमवारी सकाळी, परवानगी-बिरवानगी न घेता, मशीन बंद केलं.

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी तो फाट्यावर बिभीषणच्या हॉटेलात गेला.

"टीव्ही दिसतोय का रं नीट?"

"एक नंबर, साहेब. तुमचीच किरपा."

घरी मरियम मालिका बघत होती.

"अगं, केंद्र बंद हाय कालपासनं."

"व्हय का? मग तितला पंखा बी बंद करून या. आन सरका जरा, दिसंना मला."

बुधवारी दुपारी टेकडीखालची केशरबाई काठी आपटत वर आली. "आरं ये शलमोन! तीन दिस झालं बंद ठिवलंस, लाज हाय का न्हाई?"

शलमोनला तिचे पाय धरावेसे वाटले. त्यानं वही उघडली. "मावशी, काय बगायचं ऱ्हायलं तुमचं?"

"बगायचं काय त्यात? पानी बंद केलंस न्हवं! माज्या शेळ्या येत्यात आन घमेलं चाटून माघारी जात्यात."

मशीन तापू नये म्हणून खोलीला एसी होता. त्याच्या नळीतनं गळणारं पाणी मागच्या घमेल्यात साठायचं. मशीन बंद, तर एसीही बंद. म्हणजे या केंद्राचा नेमानं लाभ घेणारे एवढेच: चौदा शेळ्या आणि एक बोकड.

शलमोननं थोडा वेळ पेन चावलं. मग लिहिलं, 'केंद्र तीन दिवस बंद असल्याने तक्रारदार व त्यांच्याकडील पंधरा जणांची अतोनात गैरसोय झाली.' खाली केशरबाईचा अंगठा घेतला.

"शेळ्यांचं लिवलंस का?"

"समद्या धरल्यात, मावशी. बोकडासकट."

एक शब्द खोटा नव्हता. त्यानं नक्कल टपालानं पाठवली आणि मशीन चालू केलं.

महिन्यानं उत्तर आलं. पहिल्या कागदावर केंद्र बंद करण्याचा हुकूम. सोळा प्रेक्षक पुरेसे नाहीत. दुसरा कागद शलमोनच्या नावानं: तीन दिवस प्रक्षेपण कोणाच्या परवानगीनं बंद ठेवलं, कारणे दाखवा.

शलमोननं तो दुसरा कागद दोनदा वाचला. केंद्र बंद होतं, हे माणसाच्या जातीत एकाच्या तरी ध्यानात आलं होतं. त्यानं तक्रार-वही ओढली आणि ठसठशीत अक्षरात नोंद केली. तक्रार क्रमांक दोन. तक्रारदार: वरचं कार्यालय. तक्रार: केंद्र तीन दिवस बंद. अंगठ्याच्या जागी पत्राचा जावक क्रमांक टाकला आणि मग सावकाश कारणं शोधायला बसला.