करपलेल्या मडक्याची लाज

मी वनस्पतिशास्त्राची. अंगात येणं, भूतखेत वगैरे म्हटलं की मला हसूच येतं. तरी हे लिहितेय... तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा.

सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुष्काळाची वर्षं. श्रीरामपूरच्या बाजूला प्रवरेकाठी एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर उत्खनन चाललं होतं. माझं काम जळक्या दाण्यांचं. जळून कोळसा झालेलं धान्य कुजत नाही, हजारो वर्षं टिकतं – ते मातीतून वेगळं करायचं आणि कुठलं ते ओळखायचं. तुकडीत मी एकटीच मुलगी. "हिला ऊन सोसेल का?" हे पहिल्या दिवसापासून ऐकत होते. त्यामुळे एकच निर्धार – आपल्याला घरी पाठवायला निमित्त मिळू द्यायचं नाही.

त्या दुपारी एका चुलीवर अख्खं मडकं सापडलं. बुडाशी करपून चिकटलेले दाणे. पुण्याहून आलेले मोठे सर म्हणाले, "खरवडा. इथेच, सगळ्यांसमोर. विद्यार्थ्यांनाही कळू दे."

मी मडकं मांडीशी घेतलं आणि... कसं सांगू? मला लाज वाटली. भयंकर लाज! कानशिलं तापली, मान वर होईना. घरात होता नव्हता तेवढा दाणा माझ्या हातून करपला आणि पोरंबाळं जेवायला खोळंबलीत – अगदी असं. अहो, मला तेव्हा साधा वरणभातही येत नव्हता.

"हे करपवणाऱ्या बाईसाहेबांनी त्या दिवशी नवऱ्याचा मार खाल्ला असणार," कुणीतरी म्हणालं. सगळे खो-खो हसले.

"नका ना बघू..." माझ्या तोंडून निघून गेलं.

हसणं थांबलं. सर कोरडेपणाने म्हणाले, "झेपत नसेल तर तसं सांगा. दुसरं कुणी बघतो." झालं! गेली नोकरी. पण हात काही हलेना.

तेवढ्यात धपाधप पाट्या टाकल्याचा आवाज आला. माती वाहणाऱ्या बायका खड्ड्यात उतरल्या, पुढे कौसाबाई. त्यांनी माझ्याभोवती कडं केलं आणि पदर पसरले. उघड्यावर बाईला लुगडं बदलायचं असलं की आडोसा धरतात ना, तसा.

"सरा की मागं! काय बघताय?" कौसाबाई चक्क सरांवर खेकसली. आणि सर सरले.

त्या आडोशात माझा हात सुटला. दाणे मी नीट काढले. नोकरीही राहिली.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "कौसाबाई, आज माझी लाज राखलीत."

ती ओशाळली. "तुमच्यासाटी न्हाई ताई. तुमच्या बाजूला ती बापडी त्वांड झाकून बसली हुती न्हवं? लई रडत हुती. तिच्यासाटी आलो आमी." बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या.

माझ्या बाजूला कुणीच नव्हतं हो. दाणे कसले ते मी ओळखलं, अहवालही दिला. ती कोण होती, याचं उत्तर मात्र मला आजवर सापडलेलं नाही.