मनुबाईला सांगितलेलं हवामान

मनुबाई मला बाई म्हणायची, पण अहो म्हणाली नाही कधी. मोठागावच्या कोळणी कुणालाच अहो-जाहो करत नाहीत, तिथे माझ्यासारख्या शाळामास्तरणीचा काय पाड. आठवड्यातून तीनदा ती डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी पाटी टेकायची आणि तिसऱ्या मजल्यावरचं झोपलेलं माणूस उठेल अशा आवाजात ओरडायची. आम्ही सीकेपी, म्हणजे तिची हक्काची गिऱ्हाइकं. पण मी बोंबलांवर घासाघीस केली की चारचौघांत ऐकवायची, "तुज्या पोरांचे मार्क काप, माजे बोंबील नको कापू." मला राग यायचा आणि हसूही. नवरा दामाजी तापाने गेल्यावर तिने एकटीने पाटी वाहून मुलगा वाढवला होता, आणि तो मुलगा माझ्या वर्गात होता.

कान्हा. भूगोलात हुशार, बाकी सगळ्यात जेमतेम. पुढे एका कारखान्यात फिटर झाला, आणि गिर्यारोहणाच्या एका क्लबात शिरला. खाडीत वाढलेला पोरगा डोंगराचा एवढा नाद का लावून घेतो, हे मनुबाईला कधी कळलं नाही. सत्त्याऐंशी साली क्लबाने हिमालयात गढवालमधल्या एका शिखरावर जायचं ठरवलं, तेव्हा कान्हा मला विचारायला आला, "बाई, कधी जावं?" मी त्याला फळ्यावर काढावा तसा तक्ता काढून दिला. पावसाळा संपला की आभाळ मोकळं, थंडी वाढते पण बर्फ पडत नाही, दिवाळीनंतरचे तीन आठवडे उत्तम. हे पुस्तकात होतं. पश्चिमेकडची वादळं एखाद्या वर्षी लवकर येतात, हेही त्याच पुस्तकात होतं, बारीक टायपात. ते मी सांगितलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

क्लबाच्या अर्जावरून दिल्लीचा रेडिओ रोज संध्याकाळी त्या मोहिमेचं नाव घेऊन तिथलं पुढच्या दिवसाचं हवामान सांगणार होता. वरती पोरांकडे ट्रान्झिस्टर होता. कान्हा जाताना आईला सांगून गेला, "बाईंच्या घरी बसून आयक. रेडिओ माज्याशीच बोलनार हाय." तेवढ्यावर मनुबाई रोज यायला लागली. रिकामी पाटी जिन्यात ठेवायची, गॅलरीत पाय धुवायची आणि उंबऱ्याशी बसायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, "तुजा घर वास मारल." बातमीपत्र इंग्रजीत असायचं. खरखरीतून आमच्या मोहिमेचं नाव आलं की ती पदर नीट करायची, जणू रेडिओवरच्या त्या बाईने तिलाच पाहिलं. मग मी मराठीत सांगायची, उद्या आभाळ मोकळं आहे, वारा मंद आहे. ती मान हलवून उठायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती उठता उठता थांबली. म्हणाली, "तिकरं वादल आला तं मना सांग हां. लपवू नको." आणि तिने मला तिच्या सासूची रीत सांगितली. घरातला माणूस वादळात सापडला की घरच्या बाईने केस मोकळे सोडायचे, चूल पेटवायची नाही, हसायचं नाही, आणि भरती-ओहोटी पालटेल तेव्हा खाडीच्या काठावर उभं राहून त्याच्या नावाने हाक मारायची. दामाजी एकदा दोन दिवस वादळात अडकला होता. मनुबाईने दोन दिवस हाका मारल्या आणि तो परत आला होता. मी "बरं, सांगेन," असं म्हटलं. आत जाऊन मी यजमानांना हे कौतुकाने सांगितलं, थोडं हसूनच. ते हसू मला आजही बोचतं.

आठ नोव्हेंबर, रविवार. त्या दिवशी मनुबाई पाटी न घेता आली. नवीन हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, गळ्यात असलेलं नसलेलं सोनं. तिच्या जावेच्या, आवडाबाईच्या मुलीची हळद होती आणि आमच्याकडून तिला तसंच पुढे तिकडे जायचं होतं. रेडिओ लागला. पुढचे अठ्ठेचाळीस तास जोरदार हिमवर्षाव, उंचावर सोसाट्याचा वारा. मी बातमीपत्र संपेपर्यंत रेडिओच्या बटणाला हात लावून उभी होते. मागून ती म्हणाली, "बोल, काय हाय तिकरं?"

मी म्हटलं, "आभाळ मोकळं आहे."

का म्हटलं? तिची ती वेणी बघून. कळून ती करणार काय, असं वाटून. एका दिवसात निवळेल, उद्या सांगू, असंही वाटलं. शिकलेल्या माणसाला स्वतःच्या भित्रेपणाला दयाळूपणा म्हणायची कला चांगली येते. सोमवारी रेडिओने पुन्हा बर्फ सांगितला, आणि मला कालचं खोटं मागे घेता येईना. मी वर्गात बोलते तशा ठणठणीत आवाजात म्हटलं, मोकळं आहे. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. ती गेली की मी देवासमोर बसून रडायची. आणि ती मला हळदीच्या गमती सांगून जायची, कोण किती नाचलं, तिच्या गाण्यावर कशी सगळी लोळली.

गुरुवारपासून तिथलं आभाळ खरोखरच मोकळं झालं. पुढच्या रविवारच्या बातमीपत्रात आमच्या मोहिमेचं नाव आलं नाही. मनुबाई म्हणाली, "उतरले वाटतं." मी म्हटलं, हो, उतरले असतील.

सोमवारी दुपारी क्लबाचा सेक्रेटरी परशुराम माझ्या दारात उभा होता. हातात तार. एकट्याने मोठागावला जायचा त्याला धीर होत नव्हता. आम्ही दोघं गेलो. मनुबाई अंगणात जवळा वाळत घालत होती. परशुरामने खाली बघून सगळं सांगितलं. वरच्या तंबूत कान्हा आणि एक वाटाड्या अडकले. बाकीचे खाली होते, त्यांना वर जाता येईना. वाटाड्या कसाबसा उतरला. कान्हा बुधवारी संध्याकाळपर्यंत होता. तो तिथेच बर्फाखाली राहिला, त्याला आणता येणार नाही.

ती रडली नाही. तिने विचारलं, "वादल कई आला?"

"रविवारी," परशुराम म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "बाईंनी ऐकलंच असेल. रेडिओ चार दिवस तेच सांगत होता."

मनुबाईने हातातला जवळा हळूच चटईवर ठेवला. माझ्याकडे बघत ती एकेक बोट मिटत गेली. "रविवार. सोमवार. मंगलवार. बुधवार." मग म्हणाली, "चार दिस तो जिता व्हता. मी हलदीन नाचत व्हते. त्याला येक हाक नाय मारली मी."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. म्हटलं, मनुबाई, इतक्या लांब त्याला ऐकू गेली नसती गं.

"नसती जेली. मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन मी मारली असती."

त्यानंतर तिने आमच्या फाटकाशी पाटी कधी टेकवली नाही. मी बाजारात तिच्यासमोरून गेले तरी ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहायची. मला वाटलं, आता हिचं तोंड मला दिसायचं नाही, आणि तेच बरं आहे.

पण पुढच्या वर्षी दिवाळी संपली आणि एका संध्याकाळी ती आली. पाय धुतले, उंबऱ्याशी बसली. "तिकरं काय हाय?" एवढंच. मोहिमेचं बातमीपत्र आता कुठलं असायला, पण टीव्हीवर बातम्यांनंतर नकाशा दाखवतात. मी नकाशा बघितला आणि सांगितलं, बर्फ आहे. ती लगेच उठली, जिन्यातच केस सोडले आणि खाडीकडे गेली.

याला नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झाले, तिला एका डोळ्याने दिसत नाही. दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत ती रोज येते. तो तिथे आहे, आणि तिथलं हवामान सांगणारं तिला दुसरं कुणी नाही. मी एक शब्दही बदलून सांगत नाही. बर्फ म्हटलं की ती मानते.

काल नकाशावर उत्तरेला एक ढग नव्हता. मी म्हटलं, "मनुबाई, आज आभाळ मोकळं आहे. खरंच मोकळं आहे." ती तिच्या चांगल्या डोळ्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने अंबाडा सोडला आणि भिंतीला धरून जिना उतरायला लागली.