‘वेळेवर’ कधी आणायचं?

चांगलं अ‍ॅप आपोआप लोकांपर्यंत पोचतं, अशी अफवा ज्या कुणी पसरवली आहे, त्याने एकदा समोर यावं. आमचं अख्खं वर्ष खाल्लंय त्याने!

किस्से मात्र त्याच वर्षाने दिले. तेव्हा वाटायचं, आपण काम करतोय. आता मागे बघितलं की काम मूठभर दिसतं आणि किस्से पोतंभर.

आम्ही म्हणजे मी, जिगर पटेल आणि बडोद्याच्या गोत्री भागातले जाधवकाका-काकू. कॉलेजात असतानाच मी ठरवलं होतं, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करायचं आणि लगेच करायचं. जिगर माझा वर्गमित्र, कोडिंग त्याचं. काका-काकू माझ्या बाबांचे जुने स्नेही. त्यांनी फ्लॅटची पुढची खोली आम्हाला दिली, वर चहा आणि सल्ले. अ‍ॅपचं नाव ‘वेळेवर’. घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते औषधाची आठवण करून देतं, मराठीत किंवा गुजरातीत. दोन्हींत आवाज काकूंचा, आणि अ‍ॅपमध्ये त्यांचं नावही काकूच.

जिगरला बंगळुरूच्या एका कंपनीने बोलावलं होतं. त्याने मला स्पष्ट सांगितलं, “होळीपर्यंत अ‍ॅप शोधणाऱ्याला दिसायला लागलं तर थांबतो. नाही तर जातो.” तो गेला की अ‍ॅप बंद. मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

आणि दिसणं हा सगळा तारखेचा खेळ. नव्या अ‍ॅपला स्टोअर सुरुवातीचे काही दिवस जरा पुढे उभं करतं, असं सगळे सांगतात. तेवढ्यात लोकांनी घेतलं तर घेतलं, नाही तर मागच्या रांगेत. म्हणजे ही संधी एकदाच!

*

पहिली तारीख काकांनी दिली. दसरा! काकांचे पणजोबा बडोदे सरकारच्या घोडदळात होते, त्यामुळे घरात एक तलवार आहे. दसऱ्याला तलवारीशेजारी पाटावर जिगरचा लॅपटॉप. झेंडूची पाकळी एका बटणाखाली गेली, ते बटण अजून कुरकुरतं.

आरती झाली, जिगरने अ‍ॅप पाठवलं. पडद्यावर उत्तर आलं : तपासणी चालू आहे.

काका म्हणाले, “म्हणजे?”

जिगर म्हणाला, “स्टोअर आधी बघतं काका, मग परवानगी देतं.”

“दसऱ्याला निघायचं असतं रे, विचारायचं नसतं!”

चार दिवसांनी नकार आला. औषधाशी संबंधित अ‍ॅप, आणखी माहिती भरा. काकांनी तो नकार मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “इंग्रजांनी आमच्या पणजोबांनाही असंच लिहिलं असतं!”

*

माहिती भरून होईस्तोवर दिवाळी आली. मी म्हटलं, आत्ताच सोडू. जिगरच्या मम्मी फराळाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा खाली ठेवण्याआधीच निकाल दिला, “दिवाळी पछी. लाभपाचम सुधी कोई दुकान न खोले.”

म्हणजे पाडव्यानंतरच्या पंचमीपर्यंत थांबायचं! मी चिडले. “मासी, स्टोअरला दिवाळीची सुट्टी नसते!”

“स्टोरने ना होय बेटा, लेनाराने तो होय ने!”

घेणाऱ्यांना म्हणे सुट्टी असते! त्या आठवड्यात मी रागाने स्टोअर उघडून बघितलं. वरपासून खालपर्यंत नुसती सेलवाली अ‍ॅप्स. आमचं त्यात चिरडलं गेलं असतं. मासींचे आभार मानायला मी डब्यातल्या मठिया संपवूनच गेले.

*

मग जिगरच्या चुलत बहिणीचं लग्न. मग मी एक जानेवारीचा हट्ट धरला. नवं वर्ष, नवं आरोग्य वगैरे. आदल्या दिवशी जिगरने ‘आरोग्य’ टाकून शोधलं आणि फोन माझ्यासमोर धरला. ओळीने पोट कमी करायची अ‍ॅप्स!

काकू खांद्यावरून डोकावल्या. “एवढ्या बारीक व्हायला निघालेल्यांच्या गर्दीत आपल्या म्हाताऱ्यांना कुठे ढकलतेस?”

*

शेवटी माझा संयम सुटला. उत्तरायणची, म्हणजे आपल्या संक्रांतीची, तारीख मी काढली. सुट्टी आहे, सगळे घरी असणार, निवांत फोन बघणार.

मी बडोद्यात जन्मले, बडोद्यात वाढले, आणि तरी हे माझ्या डोक्यात आलं! उत्तरायणला बडोद्यात घरी कोण असतं? सगळं गाव गच्चीवर, पतंग उडवत! दुपारपर्यंत ‘वेळेवर’ घेतलं ते आमच्याच गच्चीवरच्या तीन जणांनी.

आणि तेवढ्यात कळलं, गुजरातीचं बटण दाबलं की अ‍ॅप बंद पडतंय. जिगर धावत खाली आला. लॅपटॉप उघडेना. मांजाने कापू नये म्हणून दहाही बोटांना चिकटपट्ट्या, लॅपटॉप ओळखतो बोटाचा ठसा!

“पासवर्ड टाक ना!”

“वर्षभर बोटच लावतोय. पासवर्ड कोणाला आठवतोय?”

काकू तेलाची वाटी घेऊन आल्या. “बोटं इकडे दे.” एकेक पट्टी सोडवत होत्या आणि जिगर वर बघत होता. तेवढ्यात गच्चीवरून आरोळी आली, “काप्यो छे!” जिगर कळवळला, “माझा होता तो!”

*

आता मी ज्यांना कधी बघितलं नाही त्यांचे आभार. उत्तरायण उरकलं आणि परदेशातून आलेली मुलं परत निघाली. दर वर्षी निघतात. मला हे सुचलं नव्हतं, जिगरलाही नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगा भरून झाल्या की आईबाबांची काळजी सुरू होते, आणि तेव्हा लेक त्यांच्या फोनवर शोधते : औषध, आठवण.

त्या काही दिवसांत ‘वेळेवर’ घेणारे अचानक वाढले. एकीने लिहिलं होतं, “आईला विमानतळावर येऊ नको म्हटलं. तुमच्या काकूंना तिच्याजवळ ठेवून निघालेय.”

काकूंनी ते वाचलं आणि कुकर लावायला गेल्या.

*

मुलं गेली, आकडे पुन्हा बसले. काकांना मात्र पटेना. ते सोसायटीभर सांगत फिरत होते, “आपलं अ‍ॅप पहिल्या नंबरवर आहे!” पुरावा म्हणून स्वतःचा फोन दाखवत.

जिगरने समजावलं, “काका, तुम्ही ते रोज उघडता. तुमच्या फोनला तुमची आवड कळते, म्हणून तुम्हाला वर दाखवतो.”

काका विचारात पडले. मग म्हणाले, “असं कर, सगळ्यांना माझाच फोन दाखव!”

*

जिगर बंगळुरूला गेला नाही. आकडे बघून थांबलो, असं तो नातेवाइकांना सांगतो. आकडे थांबण्यासारखे अजिबात नव्हते.

होळी तोंडावर आली होती. स्टोअरला ताजी तारीख आवडते असं त्याने कुठेतरी वाचलं आणि केवळ तारीख बदलावी म्हणून एक अपडेट सोडला. तपासला माझ्या फोनवर, मराठीत. गुजरातीतला आवाज त्यात बंद पडला, हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या वायरी गुंडाळून पिशवीत भरत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

बेल वाजली. काकूंनी आतूनच विचारलं, “कोण?”

दार उघडलं तर एक आजोबा. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, कपाळावर घाम. शहराबाहेरच्या बाजव्याहून रिक्षाने आले होते. स्टोअरच्या पानावर आमचा पत्ता असतो, तो त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतला होता. जिगर वायर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

आजोबांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आतून दाराशी आलेल्या काकूंकडे बघून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले,

“बेन, तबियत तो सारी छे ने? बे दिवसथी तमारो अवाज नथी आव्यो.”