डीपीचं मीठ

आमच्याकडचा कातळ मे महिन्यात इतका सुकतो, की विजेलासुद्धा त्यात शिरायला वाट मिळत नाही. मी वायरमन, त्यामुळे हे कौतुकाने सांगत नाही. अकरा केव्हीची लाइन बंद करून खांबावर चढलं, तरी कुणाच्या तरी मंडपातल्या जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो. म्हणून आधी तारांना साखळी लावायची आणि तिचं दुसरं टोक अर्थिंगला जोडायचं. आलाच करंट, तर जमिनीत जावा. जमिनीने नाही घेतला, तर चढलेल्याच्या अंगातून जातो.

मसुऱ्याकडच्या एका वाडीत ट्रान्सफॉर्मरच्या डीपीचं अर्थिंग खाऱ्या हवेने गंजून नावापुरतं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मलाच त्यावर चढायचं होतं. नवा खड्डा खणून पाइप उभा केला, कोळसा भरला. जाड्या मिठाचं पोतं शेजारच्या काकींच्या पडवीत ठेवलं आणि तार आणायला गेलो. काकी नात्यातल्या नव्हेत, पण त्या डीपीवर काम निघालं की मला आनंदच होतो.

परत येतो तर पोतं रिकामं! निम्मं मीठ सुकवायच्या बांगड्यांना, म्हणजे माशांना, चोळलेलं, निम्मं खारातल्या आंब्यांच्या बरण्यांत.

"काकी, ता डीपीचा मीठ गो!" मी ओरडलोच. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर.

"डीपी काय जेवता? माका वाटला, आगोटीक हाडलंस."

तसा मी दरवर्षी पावसाळ्याच्या बेगमीला त्यांना काहीबाही आणून देतोच. चूक माझीच होती. पण बाजार लांब, दुकानं दुपारची बंद. मी तिथेच पायरीवर बसलो आणि त्यांना समजावलं, की मीठ आणि ओल असेल तरच हा कातळ करंट ओढून घेतो.

"आणि नाय घेतल्यान तर?"

"फाल्यां वर मीच आसंय, काकी."

काकी आत जाऊन बांगड्यांचं मीठ झटकून सुपातून घेऊन आल्या. मग एकेक बरणी कमरेवर घेऊन आल्या आणि सगळं मीठपाणी खड्ड्यात ओतायला लागल्या.

"अगे, आंबे नासतले!" मी हात धरला.

त्यांनी तो झटकला. "आंबे फुडल्या वर्साक गावतले रे झिला. तू खंय गावतलंस?"