वारा शून्य

शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं, हे माझ्या वडिलांना कुणी सांगितलंच नाही. म्हणजे मीच सांगायला हवं होतं, बुकिंग माझं होतं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कुणा हौशी माणसाने कोकणातून दोन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज आणून ठेवलंय, दिवसभर फिरवतात, एवढं ऐकल्यावर पप्पांनी मोबाइल काढला, आठवड्याचं हवामान बघितलं आणि म्हणाले, "गुरुवार धर. वारा शून्य. एक नंबर दिवस हाय."

दिंडोरीचा द्राक्षवाला! त्याच्या लेखी चांगला दिवस म्हणजे फवारणीचा दिवस, पानसुद्धा न हलणारा. मी ऑफिसच्या गडबडीत होते, बरं म्हणून टाकलं. माझीच अक्कल गहाण पडली होती.

खरं तर हा सगळा डाव आईचा. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, दिलेल्या सख्ख्या भावांना. दोन घरांच्या मधे एक बाग, चालत पाच मिनिटं. पण सात वर्षं एकमेकींच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. पप्पांनी मक्यावर तणनाशक मारलं, त्या दिवशी वारा होता. औषध उडून काकांच्या बागेवर गेलं आणि त्यांच्या द्राक्षाची पानं आखडून गेली. नुसतं 'चुकलं' म्हणायचं होतं. पप्पा म्हणाले, "माझं औषध तिकडं गेलंच नाय." झालं! बहिणी बहिणी कॉलेजच्या पोरींसारख्या गोठ्यामागे लपून फोनवर बोलायला लागल्या. आणि आता दिवाळीनंतर काका-मावशी मुलाकडे पुण्याला निघाले होते, कायमचे. आई मला म्हणाली, "एकदा दोघांना अशा जागी बसव, जिथून उठून जाता येणार नाय."

धक्क्यावर दोघा भावांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही माघारी वळले. पण तोवर डबे मावशीजवळ होते आणि मावशी जहाजावर. चढावंच लागलं.

चढल्यावर काका पुढच्या डोलकाठीला टेकले, पप्पा मागच्या. एकमेकांकडे पाठ. दोघांच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. काकांचा पट्टा पोटावर लागेना, तरी मदत मागतील तर शपथ. एका होडीने आम्हाला ओढून पाण्याच्या मध्यावर सोडलं आणि ती निघून गेली. तांडेलाने, म्हणजे जहाजाच्या कप्तानाने, मोठ्या थाटात शीड चढवलं. ते वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत राहिलं.

"इंजिन?" मी विचारलं.

"पारंपरिक जहाज आहे, ताई," तो म्हणाला. "इंजिन नसतं. होडी चार वाजता येईल."

अकरा वाजले होते. बारा वाजले, एक वाजला. समोरचं बाभळीचं झाड जिथे होतं तिथेच. एक बगळा येऊन आमच्या सुकाणूवर बसला, कंटाळून उडून गेला. जेवण चाललं होतं ते तर बघण्यासारखं. पाच फुटांवर बसलेले काका मला म्हणायचे, "त्यांना विचार, ठेचा पाहिजे का." मी वळून विचारायचे. पप्पा म्हणायचे, "त्यांना सांग, घेतलाय." बासष्ट आणि अडुसष्ट वयाचे बाप्ये! मला इतका संताप आला की वाटलं, दोघांनाही जॅकेटसकट पाण्यात ढकलून द्यावं.

शेवटी पप्पांना राहवेना. ते तांडेलाला म्हणाले, "गावाकडनं ट्रॅक्टरचा ब्लोअर मागवतो. काठावर उभा करू, शिडावर हवा मारू."

फवारणीचा ब्लोअर! तांडेल बिचारा बघतच राहिला. काका डोलकाठीला म्हणाले, "त्यांना म्हणावं, ब्लोअर लांबच ठेवा."

मावशीचा घास हातातच राहिला. आईने डोळे मिटून घेतले.

मग काका तांडेलावर उखडले. "पण आजचा दिवस कुण्या शहाण्यानं काढला?"

तांडेलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पप्पांनी."

काका वळले. जॅकेट गळ्यापर्यंत वर सरकलेलं, टोपी वाकडी. सात वर्षांत पहिल्यांदा ते सरळ माझ्या वडिलांशी बोलले. "वारा बघून काढला?"

"रोज बघतो," पप्पा म्हणाले. "कुठं जायचं नसलं तरी बघतो." मग खाली फळीकडे बघत, अगदी हळू, "त्या दिवशी नव्हता बघितला, दादा. मक्याची घाई होती. चुकलंच माझं."

माझा सगळा राग कुठे गेला कळलंच नाही.

"मग सात वर्षं गुळणी धरून बसला होतास व्हय, गाढवा?" काका म्हणाले.

"व्हय," पप्पा म्हणाले. काकांनी लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांच्यापुढे केला. पप्पा उठले आणि दोन्ही हातांनी ओढून पट्टा लावायला लागले. लावता लावता कोणत्या प्लॉटची छाटणी झाली, कोणत्याची राहिली, हे सुरू झालं.

आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. शीड फुगलं, जहाज कुरकुरलं, बाभळीचं झाड हलायला लागलं. तांडेल आनंदाने ओरडला, "चला! अर्ध्या तासात धक्क्याला!"

"अहो दादा," आई त्याला म्हणाली, "ते शीड उतरवा."

"बाई, सकाळपासून याचीच तर वाट बघत होतो!"

"येईल परत. त्यांचं बोलणं चाललंय ना."

त्याने कपाळावर हात मारला आणि शीड उतरवलं. आई डबे आवरायला लागली. आवरता आवरता तिने मावशीला विचारलं, "ताई, उद्या सकाळी चहाला येऊ का गं?"