सविताताईंचं वाढलेलं इस्ट्रोजेन

रिंग लाइट माझ्या लॅबच्या दारातच उभा केला होता. आमच्या आयव्हीएफ सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांना रील करायचं होतं. पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. कारण काय, तर सविताताईंचं इस्ट्रोजेन वाढलं!

सविताताई कळवणच्या शाळेत शिक्षिका. वय चाळिशीला टेकलेलं, स्त्रीबीजं संपत आलेली. डॉक्टरांनी त्यांच्याच रक्तातून काढलेलं 'ग्रोथ फॅक्टर' इंजेक्शन अंडाशयात दिलं होतं. आता म्हणत होते, "महिन्याला एक अशी अजून तीन घ्या, मग बीजं काढू." तीन महिने थांबायचं म्हणजे हातात आहे तेही घालवायचं! मी इथं एम्ब्रियोलॉजिस्ट, लॅबमध्ये गर्भ वाढवणारी. बीजाशिवाय गर्भ वाढवायची विद्या मला अजून आलेली नाही.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे थोतांड नव्हे बरं का. प्रत्येक बीजाभोवती पेशी असतात, त्या इस्ट्रोजेन बनवतात; म्हणून ते वाढलं की अंडाशय जागं झालं असं धरतात. मेंदूखालच्या ग्रंथीतून एफएसएच नावाचं हार्मोन त्यांना ऑर्डर देतं. ग्रोथ फॅक्टर त्या पेशींचे कान तिखट करतात. ऑर्डर तेवढीच, काम जास्त. लॅबच्या डिशमध्ये हे झकास दिसतं. पण अंडाशयात पेशीच मोजक्या उरल्या असतील, तर कान कुणाचे तिखट करणार? सातपूरच्या बंद कारखान्यात भोंगा वाजवून शिफ्ट भरते का? हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पण रीलमध्ये भोंगा छान दिसतो.

मी रिपोर्टकडे बघत होते, तेवढ्यात सविताताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती अस्तराची गोळी चालू ठेवू ना? लय मळमळतं हो."

"कसली गोळी?"

त्यांनी पर्समधून स्ट्रिप काढली. इस्ट्रोजेनची! गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून इंजेक्शननंतर डॉक्टरांनीच लिहून दिलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, या बाई तोंडानं इस्ट्रोजेन घेतायत. रक्तात दुसरं काय सापडणार?"

"पेशंटसमोर नको."

"मग कुठं बोलू? रीलमध्ये?"

गोळी बंद केली. पुढच्या पाळीत परत तपासणी केली, तर इस्ट्रोजेन मुकाट्यानं पहिल्या जागेवर. आता तरी साहेब गप्प बसतील? छे! म्हणाले, "इफेक्ट उतरला. म्हणूनच म्हणतो, अजून डोस लागतील."

धन्य आहे बाबा!

मी सविताताईंना बाहेर नेऊन सगळं सरळ सांगितलं. थांबल्यानं फायदा नाही, आणि लगेच केलं तरी खात्री नाही.  त्या तशाच आत जाऊन म्हणाल्या, "सर, इंजेक्शन राहू द्या. आहेत ती बीजं काढा."

दोनच मिळाली. एकाचा गर्भ झाला. तो गर्भाशयात सोडला. आज त्यांना पाचवा महिना आहे.

आणि मागच्या आठवड्यात रिंग लाइट परत दारात! डॉक्टर लाडानं म्हणाले, "ताई, ग्रोथ फॅक्टरबद्दल दोन शब्द बोला."

सविताताईंनी ओढणी नीट केली. "बोलते ना सर. गोळीचं पण सांगते."

लाइट बंद झाला.

रिपोर्टमधला आकडा वाढला की पेढे जरूर आणा. फक्त आधी पेशंटला विचारा, बाई, गोळ्या कोणत्या घेता?