लिफ्टची चावी हातात न देता झालेलं ट्रेनिंग

मंडळी, आज आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्हा वॉचमन लोकांचं ट्रेनिंग झालं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं, ते आम्हाला खुर्च्यांवर बसवून व्हिडिओत दाखवलं.

"समजलं का?" ट्रेनिंग द्यायला आलेल्या सरांनी विचारलं. सगळे "हो" म्हणाले, कारण पुढे चहा होता.

मी म्हटलं, "साहेब, चावी एकदा माझ्या हातात द्या. लिफ्ट समोरच आहे, दार उघडून बघतो."

"काका, व्हिडिओ परत लावू का?" सर म्हणाले.

सगळे हसले. संपलं ट्रेनिंग!

आता ड्युटीवर मी एकटा. सोसायटीतल्या दम्याचा त्रास असलेल्या आजी नुकत्याच लिफ्टने वर गेल्या, वर दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत माझा जीव खालीवर होत होता.

तुमच्याकडे तरी हाताने करून घेतात का हो? उद्या आजी अडकल्या, तर मी बाहेरून नुसतं "घाबरू नका" म्हणत उभा राहू?